देव डोंगरावरून उतरतो तेव्हा : कोरियातील गांगनुंगचा दानोजे उत्सव

ज्येष्ठ महिना म्हटला की आपल्याला गंगा दशहरा आणि वटपौर्णिमा आठवते. शुद्ध पंचमीला आपल्या पंचांगात विशेष काही नसते. कोरियात मात्र ही तिथी मोठ्या सणाची आहे. तिकडचे जुने पंचांग आपल्यासारखेच चंद्रावर चालते आणि त्यांच्या पाचव्या महिन्याचा पाचवा दिवस म्हणजे 'दानो'. तो बहुधा आपल्या ज्येष्ठ शुद्ध पंचमीच्या आगेमागेच येतो. अधिक महिना दोन्हीकडे वेगवेगळ्या वेळी पडला तर एखाद्या वर्षी आषाढात जातो, इतकाच फरक. शेतातली पहिली घाई उरकलेली, उन्हाळा तोंडावर आलेला, अशा वेळचा हा सण. कोरियाच्या पूर्व किनाऱ्यावरील गांगनुंग या शहरात या दानोच्या निमित्ताने जो उत्सव होतो त्याला 'दानोजे' म्हणतात. २००५ साली युनेस्कोने त्याला मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून गौरवले आणि २००८ साली तो युनेस्कोच्या प्रातिनिधिक यादीत दाखल झाला.

आमचा भाचा नोकरीनिमित्त सोलला असतो. त्याच्या आग्रहामुळे आम्ही दोघे गेल्या वर्षी ज्येष्ठात तिकडे गेलो. शासकीय कर्मचाऱ्याला परदेशी जायचे तर रजेचा अर्ज, ना-हरकत प्रमाणपत्र आणि साहेबांची सही हे सोपस्कार आलेच. ते सर्व पार पडून तीन दिवस गांगनुंगला राहता आले. आम्ही इतिहासाचे अभ्यासक नाही. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा घेऊन बांधकामाच्या मोजमाप-पुस्तिका भरण्यात आमची वीस वर्षे गेली. पण दरवर्षी गणपती बसवणारी, मांडवाच्या बल्ल्या मोजणारी आणि वर्गणीच्या पावत्या फाडणारी माणसे दुसऱ्याचा उत्सव पाहायला गेली की त्यांना काही गोष्टी आपोआप दिसतात. तिथे पाहिलेले, आणि आल्यावर जमेल तसे वाचलेले, स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

गाव आणि खिंड

कोरियाच्या पूर्वेला तेबेक पर्वताची रांग उत्तर-दक्षिण धावते. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला हा डोंगर, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत गांगनुंग वसलेले आहे. आपल्याकडे सह्याद्री आणि कोकण यांचे जे नाते, तेच इथे उलट दिशेने. राजधानीकडे जाण्याचा जुना रस्ता देग्वाल्योंग या खिंडीतून. तिची उंची ८३२ मीटर. आता वेगवान रेल्वेने सोलहून सुमारे दोन तासांत गांगनुंग गाठता येते. ही रेल्वे २०१७ च्या डिसेंबरात, हिवाळी ऑलिम्पिकच्या तोंडावर सुरू झाली. त्यापूर्वीची शेकडो वर्षे मात्र माणूस, मीठ, मासळी आणि सरकारी हुकूम सारे त्या खिंडीतूनच येत-जात. वारा, पाऊस, बर्फ, वाघ आणि वाटमारे हेही तिथेच. तेव्हा या गावाचा देव खिंडीत राहतो याचे नवल वाटायला नको. ज्या वाटेवर जीव धोक्यात, त्या वाटेवर देव, हा हिशेब आपल्याकडच्या घाटमाथ्यावरील देवळांनाही लागू पडतो.

पंधराव्या शतकातील नाम ह्यो-ओन (१४५४–१४९२) या विद्वानाने लिहून ठेवले आहे की डोंगराच्या पूर्वेकडील लोक वसंत-ग्रीष्मात दिवस ठरवून, मुदांग म्हणजे देवऋषी स्त्रिया बरोबर घेऊन, डोंगरदेवाच्या पूजेला जातात. श्रीमंत माणसे सामान घोड्यावर लादतात, गरीब ते डोक्यावर-पाठीवर वाहून नेतात, आणि खाणेपिणे, गाणेबजावणे तीन दिवस चालते. आपल्याकडील जत्रेचे वर्णन वाचतो आहोत असेच वाटते.

१६०३ सालची नोंद

दानोजेच्या इतिहासातला सर्वांत मोलाचा पुरावा मात्र हो ग्युन (१५६९–१६१८) याचा. हा मूळ याच भागाशी जोडलेला, मोठ्या घराण्यातला, पण चाकोरीत न बसणारा माणूस. कोरियातील प्रसिद्ध 'होंग गिल-दोंग'ची कथा परंपरेने याच्याच नावावर आहे. त्याची बहीण हो नान्सोल्होन (१५६३–१५८९) नामवंत कवयित्री. गांगनुंगच्या छोदांग भागात या भावंडांच्या नावाचे उद्यान आहे. तिथला मऊ टोफूही प्रसिद्ध आहे. या भावंडांचे वडील हो योप यांचे टोपणनाव 'छोदांग', आणि समुद्राच्या पाण्याने टोफू बांधण्याची युक्ती त्यांचीच, असे गावकरी सांगतात. आम्हा शाकाहारी मंडळींचे तीन दिवस त्या टोफूवर आणि बटाट्याच्या धिरड्यांवर छान निघाले.

१६०३ सालच्या उन्हाळ्यात हो ग्युन गांगनुंगला असताना त्याने पाहिले की लोक डोंगरातून देव आणायला निघाले आहेत. कुतूहल वाटून त्याने तिथल्या कचेरीतल्या मुख्य कारकुनाला विचारले. कारकुनाने सांगितले की हा देव म्हणजे सिल्ला राज्याचा सेनापती किम यू-शिन. तरुणपणी तो या भागात राहिला, डोंगरदेवाने त्याला तलवार चालवायला शिकवले, आणि मृत्यूनंतर तोच या खिंडीचा देव झाला. दरवर्षी पाचव्या महिन्याच्या पहिल्या तारखेला झेंडे-निशाणांसह देवाला खाली आणून कचेरीत बसवतात, पंचमीला नाना खेळ होतात. देव प्रसन्न असेल तर मिरवणुकीतले छत्र दिवसभर पडत नाही आणि पीक चांगले येते. देव रागावला तर छत्र कोसळते, आणि मग त्या वर्षी वादळ-पूर ठरलेला.

मूळ मजकूर काही ओळींचाच आहे. पण कोण, कुठे, केव्हा आणि कशासाठी, ही चारही उत्तरे त्यात आहेत. सांगणारा कारकून होता, याचे आम्हा शासकीय कर्मचाऱ्यांना विशेष कौतुक! विचारणारा भेटला म्हणून त्याची माहिती चारशे वर्षे टिकली. त्याचे नाव मात्र टिकले नाही.

देव नेमका कोण?

इथे इतिहासातला एक गुंता आहे आणि तो मोठा रंजक आहे. आज दानोजेमध्ये खाली आणतात तो मुख्य देव किम यू-शिन नव्हे. तो आहे बोमिल (८१०–८८९) नावाचा बौद्ध भिक्षू. खिंडीतल्या दोन ठाण्यांपैकी डोंगरदेवाचे स्थान किम यू-शिनकडे, आणि गावाच्या रक्षकदेवाचे, ज्याला 'गुक्सा सोंगह्वांग' म्हणतात, ते बोमिलकडे.

बोमिल ऐतिहासिक पुरुष आहे. तो तांग राजवटीच्या काळात चीनमध्ये ध्यानमार्ग शिकून आला आणि गांगनुंगजवळ गुल्सान्सा नावाचा मठ त्याने उभारला. मठ केव्हाच गेला. शेतात उरले आहेत ते ध्वजस्तंभ धरणारे दोन दगडी खांब, सुमारे ५.४ मीटर उंचीचे, छिन्नीच्या खुणा तशाच राखलेले. यंत्राशिवाय ते उभे कसे केले असतील, या विचारात आम्ही बराच वेळ तिथेच रेंगाळलो. लोककथा सांगते की एका कुमारिकेने विहिरीवर पाणी भरताना भोपळ्याच्या तुंब्यात सूर्याचे प्रतिबिंब पाहिले, ते पाणी ती प्याली आणि तिला मूल झाले. लोकलाजेस्तव तिने ते डोंगरातल्या खडकाआड ठेवले, तर क्रौंच पक्ष्यांनी पंखांखाली घेऊन त्याला वाचवले. कुंती आणि कर्णाची कथा ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट निम्मी आधीच माहीत असते.

मग १६०३ च्या नोंदीत किम यू-शिन आणि आज बोमिल, हे कसे? अभ्यासकांत मतभेद आहेत. काहींच्या मते दोघेही प्रथमपासून होते आणि कारकुनाने एकाचेच नाव सांगितले. काहींच्या मते मधल्या काळात मान एकाकडून दुसऱ्याकडे गेला. याहून जुना एक धागा कोरियाच्या 'गोर्योसा' या इतिहासग्रंथात सापडतो. ९३६ साली या प्रांताचा सरदार वांग सुन-शिक सैन्य घेऊन राजाच्या मदतीला निघाला तेव्हा खिंडीत एका 'अलौकिक भिक्षू'चे देवस्थान पाहून त्याने तिथे पूजा केली, असा उल्लेख आहे. हा भिक्षू म्हणजे बोमिल असे मानले, तर त्याच्या मृत्यूनंतर पन्नासएक वर्षांतच लोकांनी त्याला देव केले असे होते. देवाचे नाव बदलले असेल किंवा नसेल, खिंड आणि वाट मात्र तीच राहिली.

किम यू-शिनच्या बाबतीत आपल्याशी जोडणारी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. तो गाया नावाच्या जुन्या राज्याच्या राजवंशातला. या वंशाचा मूळपुरुष राजा सुरो. त्याची राणी हो ह्वांग-ओक ही 'आयुता' देशाहून इसवी सन ४८ मध्ये जहाजाने आली, असे 'सामगुक युसा' या ग्रंथात म्हटले आहे. आयुता म्हणजे अयोध्या असे मानून २००१ साली अयोध्येत राणीचे स्मारकही उभे राहिले. शिवाय हो ग्युनचे 'हो' घराणे स्वतःला याच राणीचे वंशज मानते. म्हणजे परंपरा खरी धरली तर १६०३ साली देवाची चौकशी करणारा आणि ज्याची चौकशी केली तो देव, दोघेही एकाच भारतीय राजकन्येच्या कुळातले! पण 'सामगुक युसा' तेराव्या शतकातला ग्रंथ आहे, घटनेनंतर बाराशे वर्षांनी लिहिलेला. तेव्हा अभिमान जरूर बाळगावा, पण पुरावा म्हणून तो मोजताना हात आखडता घ्यावा हे बरे.

लग्न झालेला देव

या भिक्षुदेवाला बायको आहे. लोककथा अशी : गांगनुंगमधील जोंग घराण्यातील मुलीला देवाने मागणी घातली. वडिलांच्या स्वप्नात येऊन देव म्हणाला, मला जावई करून घे. माणूस नसलेल्याला मुलगी देणार नाही, असे वडिलांनी सांगितले. मग एके दिवशी ओसरीवर बसलेल्या मुलीला वाघाने उचलून नेले. शोधत गेलेल्या घरच्यांना ती देवाच्या ठाण्यात उभी सापडली, प्राण गेलेला पण शरीर जागचे हलेना. चित्रकार बोलावून तिचे चित्र तिथे लावले तेव्हा कुठे देह सुटला. ती गावातील देवी झाली. वाघ डोंगरदेवाचे वाहन. त्यामुळे ही वाघाने बळी घेतल्याची गोष्ट असेल आणि दुःख सोसण्यासाठी गावाने तिचे लग्नात रूपांतर केले असेल, असे आम्हाला वाटते.

चौथ्या महिन्याची पौर्णिमा हा या लग्नाचा दिवस. त्या दिवशी लोक खिंडीत जातात. पूजा झाल्यावर मुदांग आणि देवाचा सेवक रानात मेपलची झाडे न्याहाळत फिरतात. सेवकाने धरलेले जे झाड थरथरते त्यात देव आला असे मानतात. ते तोडून, रंगीत कापडाच्या पट्ट्या बांधून खाली आणतात. जोतिबाच्या सासनकाठ्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना या झाडाची कल्पना सहज येईल. वाटेतल्या गावांच्या देवस्थानी मुक्काम होतो आणि देव पत्नीच्या मंदिरात जाऊन राहतो. पाचव्या महिन्याच्या तृतीयेपर्यंत ते दोघे तिथे एकत्र असतात.

उत्सवाचा क्रम

उत्सवाचा आरंभ मात्र त्याच्याही आधी, चौथ्या महिन्याच्या पंचमीला, देवाची तांदळाची दारू लावून होतो. हे काम छिलसादांग या जुन्या कचेरीत चालते. या नावाचा अर्थ 'सात कामांचे सभागृह'. शेती, लोकांची नोंद, शिक्षण, सैन्य, कर, खटले आणि लोकांचे वर्तन ही सात कामे तिथला अधिकारी पाहत असे. आमच्या खात्यात एका उपयंत्र्याकडे याहून कमी कामे नसतात, असे आमचे मत आहे! लागणारे तांदूळ शहरातले लोक घरोघरून देतात. कोणी मूठभर, कोणी पोतेभर. बदल्यात उत्सवात त्यांना त्याच दारूचा आणि तांदळाच्या वड्यांचा प्रसाद मिळतो. आपण वर्गणी म्हणतो, ते तांदूळ देतात. फरक इतकाच की दिलेला दाणा देवाच्या पेल्यात जातो हे देणाऱ्याला दिसते. आम्ही तीर्थ म्हणून ओठाला लावले, आंबट ताकासारखे लागले.

आम्ही पोहोचलो तो तृतीयेचा दिवस होता. संध्याकाळी देवीच्या मंदिरातून देव-देवी दोघे निघतात. जोंग घराण्याचे जे जुने घर होते तिथे मिरवणूक थांबते. माहेरच्या दारी मुलीचा मान! तिथे छोटी पूजा होते आणि मग सारी मिरवणूक नामदेछन नदीच्या काठावरील मांडवाकडे जाते. हातात कागदी कंदील, मोहल्ल्या-मोहल्ल्यांची पथके, शाळकरी मुलांपासून काठी टेकणाऱ्या आज्यांपर्यंत सगळे. अनंत चतुर्दशीच्या रात्री आपल्या इंदूरच्या रस्त्यांवर झांक्या पाहायला जशी गर्दी लोटते तसाच तो देखावा, फक्त ध्वनिवर्धकांचा दणका कमी आणि पितळी थाळांचा जास्त.

पुढचे चार-पाच दिवस नदीकाठी दोन्ही प्रकारची उपासना शेजारी-शेजारी चालते. सकाळी कन्फ्यूशियन पद्धतीची पूजा : पांढऱ्या-काळ्या वेशातील पुरुष, मोजकी पावले, शांतपणे वाचलेले स्तवन. काही पूजांमध्ये शहराचा महापौर यजमान असतो. आषाढी एकादशीला पंढरपुरात मुख्यमंत्री सपत्नीक महापूजा करतात हे आम्ही भाच्याच्या मार्फत शेजारच्या आजोबांना सांगितले, तेव्हा त्यांनी समाधानाने मान हलवली. त्यानंतर दिवसभर मुदांगांचे 'गुत'. या भागात हे काम वंशपरंपरेने चालते. गाणे, नाच, विनोद, आशीर्वाद, आणि मागे ढोल-झांजांची साथ. आपल्या गोंधळ्यांच्या आख्यानाशी त्याचे जवळचे नाते वाटते. एका भागात आंधळ्या बापाला दृष्टी यावी म्हणून स्वतःला विकणाऱ्या शिमछोंग या मुलीची कथा येते आणि म्हाताऱ्या बायका पदराने डोळे पुसाव्या तशा रुमालाने पुसत असतात. एक भाग 'सोन्निम'साठी. सोन्निम म्हणजे पाहुणा, आणि हा पाहुणा म्हणजे देवीचा रोग. आपण त्या रोगाला 'देवी' म्हटले, त्यांनी 'पाहुणा' म्हटले. दोघांनीही भीतीपोटी आदर दाखवून त्याला वाटेला लावण्याचाच प्रयत्न केला.

नदीकाठी मोठा बाजार भरतो. झोपाळ्यांच्या आणि कुस्तीच्या स्पर्धा होतात. परदेशी पाहुण्यांना पंखे रंगवणे, मुखवटे करणे यांत आग्रहाने बसवतात. दानोला बायका 'छांगपो' घालून उकळलेल्या पाण्याने केस धुतात. आमच्या मंडळींनी तिथे केस धुवून घेतले आणि वास येताच म्हणाल्या, "अहो, हे तर वेखंड!" खरोखरच ती आपलीच वेखंडाची जात. बाळाच्या अंगाला लावायचे वेखंड तिथे रोग आणि वाईट नजर यांच्यापासून केसांचे रक्षण करते.

अष्टमीला देवाला निरोप. मेपलचे ते झाड, कागदी फुले, कंदील सारे अग्नीला अर्पण करतात आणि देव डोंगरावर परततो. आपण पाण्यात विसर्जन करतो, ते अग्नीत करतात. त्या दिवसापर्यंत आम्हाला थांबता आले नाही, रजा संपत आली होती.

न बोलणारे नाटक

दानोजेतले आणखी एक अंग म्हणजे 'ग्वान्नो' मुखवटा-नाटक. ग्वान्नो म्हणजे सरकारी कचेरीचे गुलाम. वर्षभर पाणी भरणारे, झाडलोट करणारे हे लोक उत्सवात मुखवटे घालून नाटक करीत. कोरियातील मुखवटा-नाटकांत शब्दांवाचून चालणारे हे एकमेव म्हणून ओळखले जाते. पोट फुगवलेले दोन जांगजामारी आवार मोकळे करतात. मग लांब दाढीचा यांगबान, म्हणजे उच्चकुलीन सरदार, आणि सोमेगाक्शी ही तरुणी यांचे प्रेम जमते. भेसूर चेहऱ्याचे दोन शीशीत्ताक्तागी मध्ये पडून तिला ओढतात. यांगबान तिच्यावरच संशय घेतो. आपली निष्ठा पटवण्यासाठी ती त्याच्याच दाढीचा फास गळ्याला लावून घेते. शेवटी देवाचे झाड पुढे येते, ती जिवंत होते आणि सगळे नाचतात.

गुलामाला मालकाची थट्टा तोंडाने करता येत नसे, म्हणून नाटक मुके राहिले, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. दाढीचा तो विनोद पाहताना ते पटते. १८९४ च्या सुधारणांनी गुलामगिरी कायद्याने संपली. हे चांगलेच झाले, पण नाटक करणारा वर्गच पांगला. ज्यांची आता सुटका झाली होती त्यांना ती जुनी ओळख नकोशी असणार हेही समजण्यासारखे आहे. थोड्याच वर्षांत नाटक बंद पडले.

पारतंत्र्य, आणि विचारणारा माणूस

१९१० साली जपानने कोरिया गिळंकृत केला. परक्या सत्तेला लोकांचे जमणे आवडत नाही हे आपल्याला सांगायला नको. त्याच सुमारास आपल्याकडे ब्रिटिश सरकार गणेशोत्सवातील मेळ्यांवर निर्बंध आणत होते. गांगनुंगमध्ये गावातले दैवताचे मुख्य मंदिर गेले, कचेरीचा आश्रय गेला, उत्सव आकसला. तो तगवला बाजारपेठेतल्या व्यापाऱ्यांनी आणि मुदांगांनी. थाटमाट नाही, पण पूजा सुटू दिली नाही. १९२८ साली सोलच्या जपानी विद्यापीठातील अकिबा ताकाशी हा प्राध्यापक गांगनुंगला आला आणि त्याने वृद्धांना विचारून उत्सवाची माहिती टिपली. ज्या राजवटीत उत्सव दबला त्याच राजवटीतील परदेशी माणसाची नोंद पुढे उत्सवाच्या कामी आली, हा इतिहासाचा विनोदच म्हणायचा.

स्वातंत्र्यानंतर युद्ध, फाळणी, गरिबी. १९६६ साली लोकसंस्कृतीचे अभ्यासक इम दोंग-ग्वोन यांनी गांगनुंगला येऊन पाहणी केली. ग्वान्नो नाटक प्रत्यक्ष पाहिलेली माणसे तोवर बोटांवर मोजण्याइतकी उरली होती, तीही सत्तरी-ऐंशीच्या घरातली. त्यांच्या आठवणीतून मुखवट्यांचे आकार, कपड्यांचे रंग, नाचाची पावले लिहून घेतली गेली. जानेवारी १९६७ मध्ये दानोजेला राष्ट्रीय अमूर्त वारशाचा तेरावा क्रमांक मिळाला. पुढे सत्तरच्या दशकात कोरियात अंधश्रद्धा हटवण्याच्या नावाखाली गावोगावची दैवते आणि मुदांग यांच्यावर गदा आली, तेव्हा या सरकारी मोहोरेने दानोजेला आधार दिला. ही पाहणी दहा वर्षांनी झाली असती तर सांगणारे कोण उरले असते?

२००४ साली चीनमध्ये बातमी पसरली की कोरिया आपला सण पळवतो आहे. पंचमीचा हा दिवस चीनमध्ये क्यू युआन या प्राचीन कवीच्या स्मरणाचा आणि नागनौकांच्या शर्यतीचा. कोरियाचे म्हणणे असे की तिथी चीनमधून आली असेल, पण खिंडीतला देव, वाघ, मेपल आणि मुके नाटक आमचे. पुढे २००८ पासून चीनने या दिवशी सार्वजनिक सुट्टी दिली आणि २००९ साली त्यांचा उत्सवही युनेस्कोच्या यादीत आला. दोन्ही नांदत आहेत. एकाच तिथीला दोन गावांनी दोन देव पुजले म्हणून तिथी कमी पडत नाही.

आपल्यापुरते

हे सारे वाचल्यावर आम्हाला एक हिशेब मांडावासा वाटतो. दानोजे टिकला त्याला तीन कारणे दिसतात. १६०३ साली कोणीतरी चार ओळी लिहिल्या. पारतंत्र्यात बाजारातल्या लोकांनी पूजा सोडली नाही. आणि १९६६ साली म्हाताऱ्या माणसांना वेळेवर विचारले गेले. पैसा, प्रसिद्धी, युनेस्को हे सगळे नंतर आले.

आपल्या इंदुरात गिरण्या बंद पडून तीस-पस्तीस वर्षे होत आली, तरी अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या नावाने झांक्या निघतात. त्या उभ्या करणारे हात आता थकले आहेत. आपल्या मंडळात जुन्या काळी मेळे होत. त्यांची पदे कोणी रचली, चाली कोणत्या, मुलींना नाच कोण शिकवत असे, हे सांगू शकणारी माणसे आज पाच-सहाच उरली असतील. घरात मराठी, दारात हिंदी आणि शाळेत इंग्रजी अशा वातावरणात वाढणाऱ्या आपल्या मुलांना ही पदे ऐकायची इच्छा आज नसेलही. पण वीस वर्षांनी होईल तेव्हा काहीतरी हाती असायला हवे. गांगनुंगच्या तरुणांनी मुखवटे पुन्हा घातले ते आजोबांच्या पिढीची आठवण कागदावर होती म्हणूनच.

म्हणून कार्यकारिणीपुढे आमची नम्र सूचना अशी : यंदा उत्सवाच्या दहा दिवसांत रोज एका ज्येष्ठ सभासदाकडे दोघांनी जावे. एकाने विचारावे, एकाने लिहावे, मोबाइलवर आवाजही टिपावा. जुनी छायाचित्रे असतील तर मागे नावे आणि साल लिहून घ्यावे. पदे आठवतील तेवढी, अर्धवट आठवली तर अर्धवटच, उतरवावीत. सांगणाऱ्याचे नाव मात्र अवश्य लिहावे. त्या कारकुनाचे राहून गेले, आपल्या माणसांचे राहू नये. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेची सोळा पाने त्यासाठी राखून ठेवावीत. लिहिणाऱ्या दोघांत एक नाव आमचे धरावे, आणि पहिल्या दिवशी कोणाकडे जायचे ते प्रतिष्ठापनेच्या आरतीनंतर ठरवावे.

गणपती बाप्पा मोरया!